विजेचे काम : आपले कोणते, वायरमनचे कोणते?

श्रीवर्धनच्या वाड्यांत नारळी-पोफळी उभ्या आहेत त्या विहिरीच्या पाण्यावर. रहाट गेले, आता विजेचा पंप पाणी चढवतो. पंप बिघडला की जीव कासावीस होतो. वाटते, वायरमनची वाट कोण बघणार? आपणच खोलून बघू!

मंडळी, आधी कायदा काय सांगतो ते पाहू. घरातला दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण बदलायला कायद्याची आडकाठी नाही. जुने काढायचे, तसेच नवे बसवायचे. भार मात्र वाढवायचा नाही. ही सूट १९५६ च्या वीज नियमांत होती, आजही आहे. पण नवी वायर ओढणे, नवा पॉइंट काढणे, फिटिंगमध्ये फेरफार करणे ही कामे सरकारी परवाना असलेल्या ठेकेदाराकडूनच करून घ्यावी लागतात. मीटरमध्ये फेरफार करून किंवा तारेवर आकडा टाकून वीज घेणे ही चोरी आहे. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे तिला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सूट आहे म्हणून धोका टळत नाही. बटण बंद केले म्हणजे वीज गेली असे समजू नका. जोडणी उलटी असेल तर होल्डरात वीज राहतेच. म्हणून आधी मेन स्विच बंद करा. मग टेस्टर लावून बघा. हात कोरडे हवेत, पायांत रबरी चपला हव्यात.

फ्यूज हा घराचा राखणदार आहे. भार वाढला की त्याची बारीक तार वितळते आणि वीज तुटते. तिथे जाड तार घातली तर ती वितळत नाही. मग भिंतीतली वायर तापते आणि आग लागते.

आपल्याकडे खारा वारा, त्याने जोड गंजतात. पावसात भिंतींना ओल येते. ओलीतून वीज अंगात उतरते. म्हणून घराला अर्थिंग करून घ्या. वीज गळताच ती तोडणारे आरसीसीबी नावाचे यंत्रही बसवून घ्या.

३ जून २०२० ला निसर्ग वादळात खांब पडले, तारा तुटल्या. तुटलेल्या तारेतही वीज असू शकते. जवळ जाऊ नका. १९१२ वर फोन करा.

घरात कुणाला वीज चिकटली तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला बाजूला करा.

आणि पंप? तिथे वीज आणि पाणी शेजारी-शेजारी. ते काम जाणकारावरच सोपवा. वाडी दोन दिवस तहान सोसते. गेलेला माणूस परत येत नाही.