पायीं चालण्याजोगे रस्ते

रस्ता रुंद झाला म्हणजे चालणाऱ्याची सोय झाली, अशी एक समजूत आपल्या शहरांत रूढ आहे. श्रोत्यांपैकीं जे गिरगांवांत किंवा दादरास राहतात, त्यांनीं आपल्या दारचाच रस्ता डोळ्यांसमोर आणावा, म्हणजे ती कितपत खरी आहे याचा पडताळा त्यांस घरबसल्या येईल.

गिरगांवांतील खोताची वाडी घ्या. तेथील वाट इतकी अरुंद कीं, दोन छत्र्या समोरासमोर आल्या तर एक कलती करावी लागते. पदपथ असा तेथें नाहींच. तरीहि म्हातारें माणूस त्या वाटेनें निर्धास्त चालतें, आणि मूल घरांतून धांवत सुटलें तरी आईच्या काळजाचा ठोका चुकत नाहीं. कारण उघड आहे. मोटारीला तेथें वेग घेतांच येत नाहीं, आणि ओट्यावर, जिन्यावर, खिडकींत कोणी ना कोणी बसलेलें असून त्याची नजर वाटेवर असते.

मात्र अरुंदपणाचें गुणगान करतांना १८९६ सालचा प्लेग विसरून चालणार नाहीं. वारा नाहीं, ऊन नाहीं अशा दाट वस्तींत त्यानें जो कहर केला, त्यांतूनच १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट जन्मास आला. समुद्रावरचा वारा आंत यावा म्हणून ट्रस्टनें प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे मोठे रस्ते वस्तींतून काढले, आणि गर्दी बाहेर नेण्यासाठीं दादर-माटुंग्याची मोकळी जमीन आंखून घेतली. हिंदु कॉलनी आणि पारशी कॉलनी हीं त्या आंखणीचीं फळें होत. वाहतुकीचा हमरस्ता कडेला, घरांच्या गल्ल्या आंखूड, घरांभोंवतीं मोकळी जागा आणि दुतर्फा झाडें. वैशाखांतल्या दुपारींहि फाइव्ह गार्डन्सपर्यंत बरीचशी वाट सावलींतून जाते.

आंखूड गल्लीचें महत्त्व साध्या अंकगणितानें कळतें. समजा, तुमच्या घराच्या बरोबर पाठीमागच्या रस्त्यावर डॉक्टरांचा दवाखाना आहे. दोन आडव्या गल्ल्यांमध्यें ३०० मीटर अंतर असून तुमचें घर मधोमध असेल, तर कोपऱ्यापर्यंत १५० आणि पलीकडून परत १५०, अशी ३०० मीटरांची चाल पडते. तेंच अंतर ६० मीटर असेल तर ६० मीटरांत काम भागतें. (आडव्या गल्लीची लांबी दोन्हीकडे सारखी, म्हणून ती येथें धरलेली नाहीं.)

लालबाग-परळांत हाच हिशेब उलटा बसला. गिरण्यांचीं आवारें अफाट. ज्याला पलीकडे जावयाचें त्यानें सारी भिंत चालून जावी. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जागीं कचेऱ्या आणि मनोरे उठले. भिंत मात्र बहुतेक ठिकाणीं राहिली. भोंगा गेला आणि पहारेकरी आला, एवढेंच! आवारांतून आडव्या गल्ल्या काढण्याची ती संधि होती, आणि ती आपण दवडली, असें माझें स्पष्ट मत आहे. कचेऱ्यांत येणारीं माणसें वाढलीं, पण त्यांच्या पायांखालची वाट वाढली नाहीं. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसें प्राणांस मुकलीं. त्या स्टेशनास आतां प्रभादेवी म्हणतात.

आज गिरगांव-दादरच्या जुन्या चाळीहि पाडल्या जात आहेत. ओट्याच्या जागीं मोटारींचा तळ येतो, आणि रस्त्याकडे पाहणारें कोणी उरत नाहीं. शिवाय प्रत्येक फाटकाशीं पदपथ तुटतो. दहा फाटकें ओलांडावयाचीं म्हणजे दहा वेळां उतरणें व दहा वेळां चढणें. ज्याचे गुडघे दुखतात तो अखेर मोटारींमधून रस्त्यावरूनच चालूं लागतो. इंडियन रोड्स काँग्रेसनें चालण्यास मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, म्हणजे जवळजवळ सहा फूट, आणि पदपथाची उंची फार तर १५० मिलिमीटर सांगितली आहे. वास्तविक फाटकाशीं पदपथ सपाट राहावा आणि मोटारीनें चढून जावें. तिचे गुडघे दुखत नाहींत.

आपल्या इमारतीचा नवा नकाशा सभासदांपुढें येईल, तेव्हां दिवाणखान्याचीं मापें पाहण्यापूर्वीं फाटकाशीं पदपथ कसा नेला आहे, हें श्रोत्यांनीं वास्तुशिल्पज्ञास अवश्य विचारावें.