कामावर बोट गेले, तर पहिला पुरावा केसपेपर

उल्हासनगरचे जीन्सचे कारखाने, अंबरनाथच्या मोरिवली आणि आनंदनगर एमआयडीसीतील वर्कशॉप, बदलापूरच्या रासायनिक कंपन्या. आपल्या वस्त्यांमधली कितीतरी चुली या कामांवर पेटतात. पॉवर प्रेसखाली बोट जाणे, मोल्डिंग मशीनवर हात भाजणे, अॅसिड अंगावर उडणे हे इथे नवीन नाही. २३ सप्टेंबर २०२३ रोजी शहाडच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यात टँकरचा स्फोट होऊन कामगारांचे बळी गेले, तेव्हा सगळीकडे बातमी झाली. एकेकट्या कामगाराचे बोट तुटते, त्याची बातमी होत नाही. ठेकेदार दहा-वीस हजार हातावर ठेवतो, कोऱ्या कागदावर सही घेतो आणि विषय मिटला असे सांगतो. कायद्याने तो मिटलेला नसतो.

आधी जीव, मग कागद

बोट तुटून वेगळे झाले असेल तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात वर ठेवा. तुटलेला भाग स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. तुटलेले बोट थेट बर्फात ठेवू नका, पेशी मरतात. अॅसिड किंवा दुसरे रसायन उडाले तर कपडे काढून किमान वीस मिनिटे वाहते पाणी सोडा. हळद, शाई, टूथपेस्ट काहीही लावू नका.

त्यानंतर दवाखाना. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय असो, अंबरनाथचे छाया रुग्णालय असो की खासगी दवाखाना, डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "कसे लागले?" अनेकदा सोबत आलेला सुपरवायझरच उत्तर देतो, "घरी पडला." तेच केसपेपरवर उतरते आणि पुढे दोन वर्षे छळते. म्हणून जखमी कामगाराने किंवा घरच्यांनी स्वतः सांगावे की अमुक कंपनीत, अमुक वेळी, अमुक मशीनवर अपघात झाला. एमएलसी नोंद झाली का ते विचारा. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची बिले जपून ठेवा.

ईएसआय आहे का?

पगार पावतीवर ईएसआयची कपात दिसते का ते पाहा. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ही योजना लागू होते. कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के अशी वर्गणी असते. कामावरच्या अपघातात रजेच्या काळात साधारण ९० टक्के वेतन मिळते, कायमचे अपंगत्व आल्यास दरमहा पेन्शन आणि मृत्यू झाल्यास अवलंबितांना पेन्शन मिळते. आजारपणाच्या लाभासाठी काही काळ वर्गणी भरलेली असावी लागते, कामावरच्या अपघातासाठी ती अट नाही. कामाच्या पहिल्याच आठवड्यात अपघात झाला तरी हक्क आहे. उल्हासनगरला ईएसआय रुग्णालय आहे. ईएसआय लागू असेल तर त्याच अपघातासाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही.

या योजनेचा पाया घातला गेला तेव्हा व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करायला सांगितले गेले, १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि १९४८ मध्ये कायदा झाला. त्यामुळे ईएसआयचे कार्ड मागताना संकोच कसला?

ईएसआय नसेल तर

छोट्या वर्कशॉपमध्ये, बिगारी कामावर, ठेकेदाराच्या हाताखाली ईएसआय नसतो. तिथे कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा उपयोगी पडत आला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावले गेले. हक्काचा गाभा तोच आहे. त्याआधीच्या अपघातांचे दावे जुन्या कायद्याने चालतात.

हिशेब असा होतो. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास मासिक वेतनाच्या ६० टक्के, मृत्यू झाल्यास ५० टक्के, गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. वेतन जास्त असले तरी हिशेबासाठी महिना १५,००० पर्यंतच धरावे, असे २०२० मध्ये ठरले. अंगठा गेल्यास कमाईची क्षमता ३० टक्के कमी झाली असे धरतात, पूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के.

समजा, तीस वर्षांच्या प्रेस ऑपरेटरचा पगार १२,००० आहे. ६० टक्के म्हणजे ७,२००. तीस वर्षांसाठी आकडा २०७.९८. गुणाकार १४,९७,४५६. अंगठा गेला असेल तर त्याचे ३० टक्के, म्हणजे सुमारे ४ लाख ४९ हजार. नुसती तर्जनी गेली तरी सुमारे २ लाख ९ हजार. शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. आता ठेकेदाराच्या वीस हजारांशी याची तुलना करा.

टक्केवारीचा तक्ता हा शेवटचा शब्दही नाही. ओडिशात एक सुतार कामावर पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून त्याचे अपंगत्व शंभर टक्के धरावे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये मान्य केले. तेव्हा डॉक्टरांच्या दाखल्यासोबत आपण नेमके कोणते काम करत होतो आणि आता काय करता येत नाही, हे अर्जात स्पष्ट लिहावे.

नेहमीची उत्तरे

"तू ठेकेदाराचा माणूस." कंपनीच्या कामासाठी ठेकेदाराने माणूस लावला असेल तर मुख्य मालकही भरपाईला जबाबदार असतो.

"चूक तुझीच." साधा निष्काळजीपणा म्हणजे हक्क गेला असे नाही. दारू पिऊन काम केले किंवा मशीनचे गार्ड मुद्दाम काढले तर दावा अडतो, पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व असेल तर तेही कारण चालत नाही.

"सही करून पैसे घेतलेस." हक्क सोडल्याचा करार कायद्यापुढे टिकत नाही. मृत्यूच्या प्रकरणात तर मालकाने रक्कम आयुक्तांकडे जमा करायची असते, घरी परस्पर आणून द्यायची नसते.

"बघू, देऊ." महिनाभरात रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज लागते. योग्य कारण नसताना उशीर केला तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही होतो. मात्र अर्ज अपघातापासून दोन वर्षांच्या आत करायचा असतो. मालकाच्या "बघू"मध्ये हीच दोन वर्षे निघून जातात.

हळूहळू होणारी इजा

सगळ्या इजा एका क्षणात होत नाहीत. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षे काम करून बहिरेपण येते. विस्कोस रेयॉन बनवताना लागणाऱ्या कार्बन डायसल्फाइडने मेंदू आणि नसांवर परिणाम होतो. असे आजार व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहेत आणि त्यांनाही भरपाई आहे. हातापायाला मुंग्या, झोप न लागणे, सतत डोके दुखणे, कमी ऐकू येणे अशी लक्षणे असतील तर डॉक्टरांना आपले काम काय, कोणत्या खात्यात, किती वर्षे, हे जरूर सांगा.

काय जपावे, कुठे जावे

हजेरी कार्ड, गेटपास, पगार जमा झाल्याचे मेसेज, सुपरवायझरचे व्हॉट्सअॅप निरोप, सोबत्यांची नावे आणि नंबर हे सगळे कामावर असल्याचे पुरावे आहेत. अपघाताची लेखी सूचना मालकाला द्या आणि पोच घ्या, नाहीतर रजिस्टर पोस्टाने पाठवा. कारखान्यातील सुरक्षेबाबतची तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कल्याण कार्यालयात करता येते. वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि औद्योगिक कामगार यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. ठाणे जिल्हा न्यायालयात त्याचे कार्यालय आहे आणि १५१०० ही त्याची हेल्पलाइन आहे.

विहारात किंवा वस्तीत ओळखीच्या कोणाला कामावर लागले असेल तर विचारपूस करायला जाल तेव्हा एक गोष्ट करा. केसपेपर मागून घ्या आणि "कसे लागले" याच्या रकान्यात काय लिहिले आहे ते वाचा. चुकीचे लिहिले असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना लेखी अर्ज द्यायला मदत करा.