धामणीचे धनुष्य

'शिवधनुष्य उचलणे' हा वाक्प्रचार मी गेली २० वर्षे वर्गात समजावून देत आलो आहे. खरेखुरे धनुष्य हाती धरण्याचा योग मात्र गेल्या वर्षी चतुर्थीच्या सुटीत आंबोलीस आला, आणि मी ते जवळजवळ मोडीत काढले.

आंबोलीला माझी बहीण राहते. मेहुणे दोन वर्षांपूर्वी गेले. मुलाला धनुष्य करून देण्याचे त्यांनी कबूल केले होते आणि त्यासाठी कावडीचा एक जुना दांडा चुलीवरच्या माळ्यावर वाळत टाकला होता. दांडा धामणीचा. (धामण म्हटले की शहरी पाहुणा आधी पाय वर घेतो, पण त्या नावाचे झाडही आहे.) संस्कृतात याच झाडाला धन्वन किंवा धनुर्वृक्ष म्हणतात. लाकूड चिवट, वाकवले तर वाकते आणि सोडले की पुन्हा सरळ होते. म्हणून तर ते कावडीला आणि कुऱ्हाडीच्या दांड्याला चालते. कौटिल्याने अर्थशास्त्रात धनुष्यासाठी ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी चार द्रव्ये सांगितली आहेत, आणि दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग वगैरे. हे सारे मी भाच्याला ऐकवले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मामा, तुम्ही कधी केलंय का?"

केले नव्हते. पण प्राध्यापकाला हे एवढ्या सरळपणे कबूल करता येत नाही.

धनुष्याला पाठ असते आणि पोट असते. नेम धरणाऱ्याकडे येते ते पोट, पलीकडची ती पाठ. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. पाठीवर झाडाच्या वाढीचा एकच थर टोकापासून टोकापर्यंत अखंड राहिला पाहिजे. तो मध्येच कापला गेला, की तंतू तिथून उचलू लागतात. इंग्रज लोक यू झाडाच्या धनुष्याला पाठीशी बाहेरचे फिकट लाकूड ठेवीत आणि पोटाशी आतले तांबूस. १५४५ साली बुडालेल्या 'मेरी रोज' या जहाजातून अशी शंभराहून अधिक धनुष्ये मिळाली आहेत. हे ज्ञान मला नंतरचे. त्या दिवशी मी दांडा ओट्यावर घेतला आणि चांगला गुळगुळीत दिसावा म्हणून पाठीवरच रंधा मारला. शिवाय डावी बाजू एका ठिकाणी वीतभर जास्तच तासली गेली.

दोरी चढवून चारदा ओढली. पाचव्या वेळी 'टक्' असा बारीक आवाज झाला. पाठीवर बोटभर लांबीची चोय उभी राहिली होती. उलटून पाहिले, तर पोटाच्या बाजूला, तासलेल्या त्या जागी, आडव्या केसासारख्या तीन-चार सुरकुत्या.

मराठी रंगभूमीचा श्रीगणेशा १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'ने, म्हणजे धनुष्यभंगाच्या कथेनेच झाला. पण रामाने मोडलेले धनुष्य कोणाला जोडून द्यावे लागले नव्हते. भाचा रडला नाही. खाली पडलेल्या ढलप्या त्याने एकेक करून वेचल्या आणि हळूच म्हणाला, "बाबांनी दोन पावसाळे वाळवलं होतं."

त्या रात्री पाऊस कौलांवर कोसळत होता आणि मला झोप नव्हती.

सकाळी शेजारच्या म्हाताऱ्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी धनुष्य खिडकीच्या उजेडात धरले, पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मास्तरानू, रंधो कित्याक मारलास पाठीर?" उत्तर नव्हतेच.

चोय त्यांनी तोडली नाही. चाकूच्या पात्याने अलगद उचलून आत गोंद सोडला. सरस का नको, तर इथे वर्षाला ७ हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस. दमट हवेत सरस पाणी ओढून मऊ पडतो. म्हणून दोन नळ्यांतला, मिसळून लावायचा रासायनिक गोंद. वर बहिणीच्या शिवणपेटीतल्या लाल रेशमी दोऱ्याचे वेढे, एकाला एक चिकटून, आणि त्यांवर पुन्हा गोंद.

सुरकुत्यांचे काम निराळे होते. मला वाटले, त्यांतही गोंद भरतील. मेस्त्रींनी त्या जागेला हातसुद्धा लावला नाही. सगळा वाक तिथेच एकवटत होता, म्हणून लाकूड तिथे चिरडले होते. ते वाचवायचे तर बाकीच्या लाकडाने वाकायला शिकले पाहिजे. त्यांनी सुरकुत्यांच्या दोन्ही अंगांना कोळशाने खुणा केल्या आणि फुटक्या काचेच्या तुकड्याने पोटाकडून खरवडायला सुरुवात केली. मग उजवी बाजूही त्याच मापाने उतरवली. दर दहा-बारा हातांनंतर धनुष्य भिंतीच्या खुंटीला अडकवायचे, भाच्याने दोरी वीतभर ओढायची आणि मेस्त्रींनी लांब उभे राहून एक डोळा मिटून वाक बघायचा. मला काम एकच होते: गप्प बसणे. आडवी चीर पाठीवर आरपार गेली असती तर काय केले असते, असे मी एकदा विचारले. "चुलीत," मेस्त्री म्हणाले.

धनुष्य पुरे झाले नाही. लाकडाने ओल धरली होती. अशा लाकडाला ताण दिला तर ते सरळ होत नाही, वाकलेलेच राहते. ते पुन्हा माळ्यावर गेले आणि माझी सुटी संपली. काय झाले असेल, हे विचारायला पत्र लिहिण्याचे धैर्य मला झाले नाही.

दिवाळीत गेलो तेव्हा हवा कोरडी झाली होती. चुलीच्या धुराने लाल दोरा तपकिरी पडला होता. मेस्त्रींनी ताणकाटा लावला. पूर्वी जे धनुष्य पुरे ओढायला १४ किलोंचा जोर लागत होता, त्याला आता १० लागत होते. माझ्या चुकीची किंमत ४ किलो! भाच्याला त्याचे काही वाटले नाही. चौदा त्याला ओढवतच नव्हते.

परसात गवताचा भारा उभा करून त्याने पहिला बाण सोडला. तो भाऱ्यावरून पलीकडे माडीत गेला. दुसरा भाऱ्यात रुतला. माझी नजर बाणाकडे नव्हतीच. मी त्या सुरकुत्यांकडे बघत होतो. त्या होत्या तेवढ्याच होत्या.

अंधार पडल्यावर भाच्याने दोरी उतरवली, फडक्याने धनुष्य पुसले आणि शिडी लावून पुन्हा माळ्यावर, दांडा असे त्याच जागी, ठेवले. बहीण खाली चकल्या तळत होती. तिने एकदा वर पाहिले आणि झारा कढईत घातला.