पंजाबच्या सोंगातलं आपटा स्टेशन

सुटलेली गाडी, दारातून पुढे आलेला राजचा हात, सिमरनचं मनगट घट्ट धरून उभे असलेले तिचे बाउजी आणि त्यांनी ते सोडताच फलाटावरून धावत सुटलेली सिमरन. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चा हा शेवट पाहिला नाही असा माणूस शोधून काढावा लागेल. पडद्यावर हे सगळं पंजाबात घडतं. चित्रीकरण मात्र झालं आपल्या पनवेल तालुक्यातल्या आपटा स्टेशनावर.

पडद्यावर पाहिलेली जागा प्रत्यक्ष गाठायची हौस जपानमध्ये फार पुढे गेली आहे. ॲनिमेमधली ठिकाणं हुडकत फिरण्याला तिथे सरळ तीर्थयात्राच म्हणतात. 2016 च्या ‘युअर नेम’नंतर टोकियोतल्या सुगा देवळाच्या जिन्यावर आणि हिदा-फुरुकावा स्टेशनात चाहत्यांची रीघ लागली. ‘स्लॅम डंक’मुळे कामाकुराजवळचं समुद्रकाठचं रेल्वे फाटक गाजलं. मंडळी मोबाइलवर चित्रातली चौकट उघडतात, तोच कोन साधतात आणि फोटो काढतात. चित्रकारांनी कठड्यापासून विजेच्या खांबापर्यंत बरंच काही हुबेहूब उतरवलेलं असल्यामुळे ताळा जुळतो.

आपट्यात हा ताळा जुळत नाही, आणि इथे येण्याची खरी गंमत त्यातच आहे. चित्रपट पाहताना मनात मोहरीची पिवळी शेतं असतात. इथे उतरलं की दिसतात भाताची खाचरं. पंजाबच्या सपाटीला न शोभणारे सह्याद्रीचे फाटे नजरेच्या टप्प्यात असतात. जवळून पाताळगंगा वाहते. खोपोलीच्या टाटा वीजकेंद्रातून 1915 पासून बाहेर पडणारं पाणी या नदीला मिळतं, म्हणून ऐन उन्हाळ्यातही ती कोरडी पडत नाही. जपानी चाहता चित्राशी जागेचं साम्य शोधतो. आपट्याला आलेल्याने पंजाबी वेशाखालचं कोकण शोधायचं.

हे सोंग वठलं कसं, त्याचं उत्तर रेल्वेच्या नकाशात सापडतं. पनवेलहून आपट्यापर्यंत आलेली लाइन रोह्याला पोचली 1986 मध्ये. ‘दिलवाले’ प्रदर्शित झाला 20 ऑक्टोबर 1995 ला. तेव्हा रोह्यापुढच्या कोकण रेल्वेचं काम चालू होतं. मुंबई ते मंगळुरू सलग वाहतूक 1998 ला सुरू झाली. म्हणजे आजच्यासारखी लांब पल्ल्याच्या गाड्यांची वर्दळ त्या काळी या मार्गावर नव्हती. धावत्या गाडीचं दृश्य मनासारखं होईपर्यंत गाडी पुन्हा पुन्हा मागे घ्यावी लागते, आणि गजबजलेल्या मार्गावर ते परवडत नाही. मुंबईपासून हाकेच्या अंतरावर असूनही मुंबईचा मागमूस नसलेलं स्टेशन चित्रपटवाल्यांना म्हणूनच सोयीचं.

आता मार्ग दुहेरी झाला आहे, रुळांवर विजेच्या तारा आल्या आहेत आणि दिवा-रोहा मेमू गाडी धावते. चित्रपटातल्या चौकटीसारखा फोटो काढायला गेलात तर तारा आड येणारच. ‘दिलवाले’तलं मोकळं आभाळ आता फक्त चित्रपटात उरलं आहे. कोकणातली एक रेल्वेलाइन बदलण्याआधी कशी होती, याची नोंद त्या दृश्यात नकळत होऊन बसली.

याच चित्रपटाने स्वित्झर्लंडमधल्या सानेनच्या साध्या पुलाला भारतीय पर्यटकांच्या यादीत नेऊन बसवलं. इंटरलाकेनला तर 2016 मध्ये चित्रपटाचे निर्माते यश चोप्रा यांचा पुतळा उभा राहिला. स्वित्झर्लंड पडद्यावर स्वित्झर्लंड म्हणूनच वावरलं, त्यामुळे त्याचं नाव झालं. आपट्याने काम केलं दुसऱ्याच्या नावाने. श्रेय पंजाबच्या खात्यात जमा झालं. मुंबईच्या ‘मराठा मंदिर’ चित्रपटगृहात हजार आठवड्यांहून अधिक काळ हा शेवट पाहणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की ते स्टेशन पनवेलच्या पुढे अवघं तिसरं आहे?

नुसत्या स्टेशनासाठी एवढं यायचं का, असं वाटत असेल तर जोडीला बरंच काही आहे. मुंबई-गोवा महामार्गावर 12.11 चौरस किलोमीटरचं कर्नाळा पक्षी अभयारण्य आणि अंगठ्यासारख्या सुळक्याचा किल्ला आहे. त्याच वाटेवर शिरढोण लागतं, आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं जन्मगाव. मेमूने आपट्याच्या पुढे गेलात तर जिते आणि हमरापूर ही गणेशमूर्तींच्या कारखान्यांची गावं येतात आणि मग पेण.

कसे जाल? पनवेलहून रोह्याकडे जाणारी मेमू सर्वांत सोपी; सोमाटणे आणि रसायनीनंतर आपटा. गाड्या मोजक्याच आहेत, म्हणून परतीची वेळ आधी पाहून ठेवा. रस्त्याने रसायनीमार्गे किंवा महामार्गावरच्या खारपाड्याहून येता येतं. भातं पोटरीवर असतात तो सप्टेंबर-ऑक्टोबरचा काळ उत्तम. जवळ तिकीट असू द्या, रूळ ओलांडू नका. आणि गाडी सुटली तर सिमरनसारखं धावू नका, पुढच्या मेमूची वाट पाहा!