मूल एक, खाती अनेक

संस्थेच्या या महोत्सवी स्मरणिकेत आपल्या कार्याचा गौरव करणारे लेख वाचकांस पुष्कळ आढळतील. तसाच एक लेख आम्हीही लिहू शकलो असतो. परंतु अशा मंगल प्रसंगी आपल्या हातून झालेली एक चूकही नोंदवून ठेवावी आणि तिच्यापासून जे शिकलो ते सभासदांपुढे मांडावे, हे आम्हांस अधिक उचित वाटले.

आमच्या विद्यार्थी-साहाय्य निधीतून दर वर्षी जून महिन्यात वह्या व गणवेश वाटले जातात. बडोद्यातील एका वस्तीतला एक मुलगा लागोपाठ तीन वर्षे हे साहाय्य घेऊन गेला. मुलगा शांत, काही विचारले तर नुसता हसे. अभ्यासात मागे आहे, असे शाळेतून कळले होते. आम्हीही मान डोलावली. चौथ्या वर्षी वाटपाच्या वेळी आमच्या एका भगिनीने त्याला पाठीमागून तीन-चार वेळा हाक मारली. तो वळला नाही. मुलगा मंद नव्हता. त्याला ऐकू येत नव्हते.

मग आम्ही चौकशी केली. हा बोलत नाही, हे अंगणवाडीच्या बहेनना ठाऊक होते. आरोग्य पथक अंगणवाडीत आले त्या दिवशी तो आजोळी गेला होता. सहाव्या वर्षी तो शाळेत गेला. परंतु त्याच्याविषयीची माहिती त्याच्याबरोबर गेली नाही. पुढे रुग्णालयात दाखवण्याची एक चिठ्ठीही मिळाली होती. ती त्याच्या आईने देवाच्या फोटोमागे जपून ठेवली होती! रोज बुडवून कोठे जायचे आणि कोणाला भेटायचे, हे तिला कोणी समजावून सांगितलेच नव्हते. प्रत्येकाने आपापले काम केले होते. आम्हीही केले होते. तरी मूल मधल्या फटीतून निसटले.

अशा मुलासाठी शासनाने काहीच योजलेले नाही असे म्हणावे, तर ते खरे नव्हे. मुलांची जबाबदारी समाजाने घ्यावी ही कल्पना बडोद्याला तर जुनीच आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो संपूर्ण राज्यास लागू केला. अंगणवाडी हा शब्द आज देशभर रूढ आहे. त्यामागे ताराबाई मोडक यांचे कार्य आहे. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केलेल्या या मराठी विदुषीने पुढे बोर्डी व कोसबाड येथे, मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा प्रयोग केला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ गटांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेची अंगणवाडी याच विचाराशी नाते सांगते.

या योजनेतील ‘एकात्मिक’ हा शब्द लक्षात घेण्यासारखा आहे. अंगणवाडीच्या सहा सेवा ठरलेल्या आहेत: पूरक आहार, शाळापूर्व शिक्षण, मातांना आहार व आरोग्याचे शिक्षण, लसीकरण, आरोग्यतपासणी आणि गरजेप्रमाणे पुढे रुग्णालयात पाठवणे. यांतील पहिल्या तीन महिला व बालविकास खात्याच्या. उरलेल्या तीन आरोग्य खात्याच्या साहाय्याने चालतात. म्हणजे जागा एक, मूल एक, आणि काम करणारी खाती दोन.

ही दोन खाती प्रत्यक्ष एकत्र येतात तो दिवस गुजरातेत ‘ममता दिवस’ म्हणून ओळखला जातो. महिन्यातून एकदा, बहुधा बुधवारी, आरोग्यसेविका लशींची पेटी घेऊन अंगणवाडीत येते. अंगणवाडीच्या बहेन वजनकाटा मांडतात. आशा कार्यकर्ती घरोघरी जाऊन गरोदर भगिनींना व तान्ह्या मुलांच्या मातांना घेऊन येते. मुलांना हाताला धरून आणण्याचे काम तेडागर बहेनचे. वरवर पाहता ही गर्दी लशीसाठी जमलेली दिसते. परंतु त्या दिवसाचे खरे मोल आणखी एका गोष्टीत आहे. अंगणवाडीची यादी, आशेची यादी आणि आरोग्यसेविकेची यादी त्या दिवशी शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. एकीत असलेले नाव दुसरीत नसेल, तर ते मूल कोठे आहे हा प्रश्न तेथेच निघतो. याद्या न ताडता दिवस संपला, तर लस टोचली जाते, पण न आलेले मूल न आलेलेच राहते.

यापुढची कडी म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. याचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. याची फिरती पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येऊन जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. जन्मजात व्यंगे, आजार, कमतरता आणि वाढीतील विलंब असे चार प्रकार ते पाहतात. जन्मजात बहिरेपण त्यांत येते. दोष आढळल्यास मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. तेथील तपासणी व उपचार विनामूल्य आहेत. बहिरेपणाच्या बाबतीत तर वेळेला फार महत्त्व आहे. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपाय असा तज्ज्ञांचा दंडक आहे. कारण भाषा कानावाटे येते, आणि ती ग्रहण करण्याची उत्तम वर्षे अगदी आरंभीची असतात.

एवढी व्यवस्था असता मूल निसटते कोठे? आमच्या अनुभवाप्रमाणे तीन ठिकाणी. पहिले, सहाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. तेथे अंगणवाडी संपते, शाळा सुरू होते, आणि एका खात्याची वही दुसऱ्या खात्यात जात नाही. दुसरे, स्थलांतरात. दाहोद व छोटाउदेपूरकडून बांधकामावर येणाऱ्या कुटुंबांची मुले गावच्या यादीत असतात आणि शहरात प्रत्यक्ष असतात. २०२१ पासूनच्या ‘पोषण ट्रॅकर’मध्ये अशी नोंद नव्या जागी बदलून घेता येते; परंतु त्यासाठी आईला जवळची अंगणवाडी कोणीतरी दाखवावी लागते. तिसरे ठिकाण सर्वांत सामान्य आणि सर्वांत घातक: ‘पाठविले’ आणि ‘पोहोचले’ या दोन शब्दांमधले. चिठ्ठी लिहिली की पाठवणाऱ्याच्या दप्तरी काम पुरे होते. ज्याच्याकडे पाठविले त्याला मूल आलेच नाही हे कळण्याचे कारण नसते. कारण ते येणार होते हेच त्याला ठाऊक नसते.

निराधार किंवा हरवलेल्या मुलाच्या बाबतीत कायद्याने ही फट पुष्कळशी बुजवली आहे. बडोदे हे मोठे जंक्शन. घरातून निघून आलेली मुले येथे उतरतात. असे मूल दिसल्यास १०९८ या क्रमांकावर कळवावे. ही दूरध्वनी-सेवा १९९६ साली मुंबईस टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली. २०२३ पासून ती शासनाने आपल्या हाती घेऊन ११२ या सेवेशी जोडली. मूल सापडल्यापासून, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे नेलेच पाहिजे, असे २०१५ चा बालन्याय कायदा सांगतो. समितीत एक अध्यक्ष व चार सदस्य असतात. त्यांत निदान एक स्त्री असावी लागते. मुलाची चौकशी, त्याची सोय आणि घरच्यांचा शोध यांसाठी समितीला जिल्हा बाल संरक्षण एकक साहाय्य करते. येथे ‘कोणाकडे’ आणि ‘किती वेळात’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरे ठरलेली आहेत. सभासदांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दयाबुद्धीनेही असे मूल परस्पर आपल्या घरी किंवा वसतिगृहात ठेवून घेऊ नये. न कळवणे हा अपराध आहे. अशा मुलांची नावे व छायाचित्रे अहवालांतून छापण्यासही कायद्याची मनाई आहे.

मग आमच्यासारख्या संस्थेने करावयाचे काय? आणखी एक दवाखाना काढावा, असे आरंभी आम्हांसही वाटले. परंतु दवाखाने आहेत, अंगणवाड्या आहेत, नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा आहेत. नाही तो मधला सांधा. म्हणून आम्ही एक साधी वही घातली. तिच्यात पाच रकाने आहेत: मुलाचे नाव, कोणी काय पाहिले, कोठे पाठविले, बरोबर कोण गेले, आणि पोहोचले का. पाचवा रकाना रिकामा असेल तर महिन्याच्या सभेत ते नाव पुन्हा वाचले जाते. आईचा बुडालेला रोज आणि रिक्षाचे भाडे निधीतून दिले जाते. वही आमची असली तरी काम परवानगीने चालते. आईच्या संमतीवाचून नाव लिहिले जात नाही आणि वही सभेबाहेर जात नाही. जून महिन्यात शाळेत जाणाऱ्या मुलांची अंगणवाडीतील माहिती, पालकांना बरोबर घेऊन, वर्गशिक्षकांपर्यंत नेण्याचे कामही आता आमच्या भगिनी करतात. खर्चाच्या दृष्टीने हे गणवेशवाटपापेक्षा स्वस्त आहे. मात्र याला छायाचित्र नाही, सत्कार नाही आणि शेवटही नाही.

त्या मुलाच्या कानाला पुढे यंत्र लागले. तो आता शिकवणीला जातो, ओठांकडे पाहून पुष्कळ समजून घेतो, आणि चित्रे फार सुरेख काढतो. परंतु भाषेची जी वर्षे गेली ती कोणत्याही निधीतून परत देता येत नाहीत, आणि त्यांतील तीन वर्षे तो दर जूनमध्ये आमच्यासमोर येऊन उभा राहत होता.

म्हणून या महोत्सवी वर्षी देणगीबरोबरच सभासद बंधुभगिनींकडे आमचे एक मागणे आहे. महिन्यातील एक सकाळ द्या. कोणातरी आईबरोबर चिठ्ठी घेऊन रुग्णालयाच्या रांगेत उभे राहा आणि परत आल्यावर पाचव्या रकान्यात एकच शब्द लिहा: ‘पोहोचले’.