संकेतलेखनाविना सॉफ्टवेअर : मंचनिर्मितीतील आव्हाने व फलश्रुती

प्रस्तावना :
संगणकाकडून काम करून घ्यावयाचे तर त्याची भाषा अवगत असली पाहिजे, ही समजूत दीर्घकाळ रूढ होती. तिला मोठा छेद १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांच्या ‘व्हिझीकॅल्क’ने दिला. चौकटीत सूत्र लिहिले की एक आकडा बदलताच त्यावर अवलंबून असणारे सर्व आकडे आपोआप बदलत. आजचे ‘नो-कोड’ मंच याच परंपरेतील होत. असे मंच उभारताना कोणते प्रश्न उद्भवतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कार्यपद्धती :
‘ॲप इन्व्हेंटर’ हे याचे बोलके उदाहरण. गूगलने ते २०१० मध्ये सुरू केले. २०१२ पासून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ते चालविते. पडद्यावरील रंगीत ठोकळे जोडून यात मोबाइलचे ॲप तयार होते. विसंगत ठोकळे एकमेकांत बसतच नाहीत. त्यामुळे कंस वा विरामचिन्ह राहून गेल्याने होणाऱ्या चुका मुळातच टळतात. विचारातील चूक मात्र टळत नाही. ‘किमान ७५ टक्के’ ऐवजी ‘७५ टक्क्यांहून अधिक’ असा ठोकळा जोडला, तर नेमकी ७५ टक्के उपस्थिती असलेला विद्यार्थी अपात्र ठरतो आणि मंच काहीही सूचना देत नाही.

आव्हाने :
१) सुलभता व सामर्थ्य : साधनाचा उंबरठा ठेंगणा आणि छत उंच असावे, असा विचार सेमूर पॅपर्ट यांनी मांडला. परंतु प्रत्येक नव्या सोयीबरोबर पर्याय वाढतात व अखेरीस तो मंचच शिकावी लागणारी एक नवी भाषा होऊन बसतो.
२) अदृश्य मर्यादा : २०२० मध्ये इंग्लंडमधील १५,८४१ कोरोनाबाधितांच्या नोंदी दैनंदिन आकडेवारीतून सुटल्या व संपर्कशोधास विलंब झाला. एक्सेलच्या जुन्या फाइल-प्रकारात एका पानावर ६५,५३६ ओळीच मावतात, हे त्याचे कारण होते. मंचाने गुंतागुंत झाकावी. मर्यादा झाकू नये.
३) परावलंबन : गूगलचे ‘ॲप मेकर’ जानेवारी २०२१ मध्ये बंद झाले. त्यावरील ॲप अन्यत्र जसेच्या तसे नेता येत नव्हते. ते नव्याने उभारणे भाग होते.

फलश्रुती :
असे असूनही हा उद्योग सार्थ आहे. ज्याला कामाची खोच ठाऊक असते, तोच साधन घडवितो. गरज सांगणारा व ती समजून घेणारा यांच्यातील अंतर मिटते. शिवाय मंचकर्त्याने केलेली एक सुधारणा त्यावरील असंख्य ॲपना एकाच वेळी लाभते.

निष्कर्ष :
नो-कोड मंच लेखनाचे श्रम वाचवितात, विचाराचे नव्हे. म्हणून महाविद्यालयाने प्रवेश, उपस्थिती वा मूल्यमापन अशा मंचावर सोपविण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : माहिती बाहेर काढता येते काय? मर्यादा आधी सांगितल्या आहेत काय? आणि ॲप घडविणारा अध्यापक बदलून गेल्यावर त्यातील नियम कोणास ठाऊक असतील? पहिल्या दोहोंची उत्तरे मंचकर्त्याने द्यावयाची आहेत. तिसऱ्याचे उत्तर आपणच लिहून ठेवले पाहिजे.