एका मिलिमीटरचा हिशेब

बजाजची पल्सर १५० बाजारात आली तेव्हा तिच्या इंजिनात पुरते १५० सीसी नव्हते. नोव्हेंबर २००१ मधल्या त्या पहिल्या गाडीचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ५७ मिमी होता आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ५६.४ मिमी. हिशेब केला की १४३.९ सीसी भरतात. पुढे बोअर ५८ मिमी झाला, स्ट्रोक तोच राहिला आणि इंजिन १४९ सीसीवर गेलं. बोअरमधल्या एका मिलिमीटरने ५ सीसी दिले. त्याच ५६.४ च्या स्ट्रोकवर ६३.५ मिमी बोअर घेतला की पल्सर १८० चे १७८.६ सीसी होतात, आणि ६७ मिमी घेतला की २००७ च्या पल्सर २०० चे १९८.८. पल्सर २२० साठी मात्र बोअर ६७ वरच ठेवून स्ट्रोक ६२.४ पर्यंत वाढवला. आकुर्डीत रेखाटलेल्या आणि चाकणमध्ये उभ्या राहिलेल्या या घराण्याची वंशावळ अशी व्हर्निअर कॅलिपरने वाचता येते.

छोट्या इंजिनाची ताकद कशी वाढवायची, हा पिंपरी-चिंचवडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या पोरांचा जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. स्पर्धेसाठी गो-कार्ट बांधायची म्हटलं की बहुतेकांची नजर १२५ ते १५० सीसीच्या फोर-स्ट्रोक बाइक इंजिनाकडे जाते. सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात आणि भोसरी एमआयडीसीत लेथ आणि बोअरिंगचं काम करून देणारी वर्कशॉप शेजारी-शेजारी आहेत. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगेल्सने पहिली कार्ट बनवली तेव्हा तिच्या मागे जेमतेम अडीच अश्वशक्तीचं वेस्ट बेंड इंजिन होतं. इथल्या पोरांची सुरुवातच त्याच्या पाच-सहा पटीने होते. तरी हाती आलेल्या इंजिनावर समाधान कुणाचंच नसतं.

पहिला मोह रीबोअरचा. सिलिंडर मोठा करून घ्यायचा आणि ओव्हरसाइज पिस्टन बसवायचा. ओव्हरसाइज पिस्टन पाव-पाव मिलिमीटरच्या टप्प्याने मिळतात, ते मुळात झिजलेलं इंजिन पुन्हा उभं करण्यासाठी. ताकदीसाठी हा मार्ग धरला तर पदरात फार पडत नाही. ५७ चा बोअर ५८ केला तर सीसी साडेतीन टक्क्यांनी वाढतात. बाकी सगळं जुळून आलं तरी ताकद त्याच बेताने वाढणार. त्या बदल्यात लायनरची भिंत पातळ होते, पिस्टन जड होतो आणि उष्णता वाढते.

दुसरा मोह सिलिंडर हेड घासून घेण्याचा. हेडला फेस मारला की कम्प्रेशन वाढतं, एवढं प्रत्येक गॅरेजला ठाऊक असतं. किती वाढतं, ते मात्र कागदावर मांडून पाहावं. १४९ सीसीच्या इंजिनाचं कम्प्रेशन साडेनऊ धरलं तर पिस्टन वर पोचल्यावर उरणारी जागा १७.५ सीसीची. ५८ मिमी व्यासावर अर्धा मिलिमीटर घासला की त्यातले सव्वा ते दीड सीसी जातात आणि कम्प्रेशन सव्वादहाच्या आसपास येतं. केटीएमच्या ३९० मध्ये ते साडेबाराच्या वर आहे, पण त्या इंजिनाला रेडिएटर आहे. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात कम्प्रेशन असं चढवलं की पेट्रोल वेळेआधी भडकतं, इंजिन नॉक मारायला लागतं आणि पिस्टनचा माथा खाल्ला जाऊ लागतो.

तिसरी वाट आरपीएमची, आणि खरी श्रीमंती तिथेच आहे. टॉर्क आणि फेरे यांच्या गुणाकारातून ताकद निघते. टॉर्क सीसीला बांधलेला असतो, फेरे मात्र वाढवता येतात. आड येतो तो पिस्टनचा वेग. ५६.४ चा स्ट्रोक ९,००० आरपीएमला फिरला की पिस्टन सेकंदाला सरासरी १७ मीटर धावतो. चाकणमध्येच बनणाऱ्या केटीएम ड्यूक २०० चा स्ट्रोक अवघा ४९ मिमी. ते इंजिन १०,००० ला फिरलं तरी पिस्टनचा वेग १६.३ मीटरच राहतो. फेरे जास्त आणि पिस्टन मात्र निवांत, अशी ही सोय. त्यासाठी बोअर ७२ मिमी ठेवावा लागला आणि एवढ्या रुंद माथ्यावर चार व्हॉल्व्ह बसवता आले.

याचं फळ एकाच पट्ट्यातली तीन इंजिनं शेजारी ठेवली की दिसतं. २००७ ची पल्सर २००: दोन व्हॉल्व्ह, १८ अश्वशक्ती. २०१२ ची पल्सर २०० एनएस: बोअर-स्ट्रोक ड्यूकचाच, चार व्हॉल्व्ह, एक कॅमशाफ्ट, कार्ब्युरेटर आणि तीन प्लग, साडेतेवीस. त्याच वर्षीची ड्यूक २००: दोन कॅमशाफ्ट आणि फ्युएल इंजेक्शन, २५. सीसी तिघींचे जवळजवळ सारखेच. फरक आहे तो हवा आत कशी येते, किती वेगाने येते आणि पेट कशी घेते यात.

पेट घेण्याच्या प्रश्नावरच बजाजने २००३ साली डीटीएस-आय हे दोन प्लगचं तंत्र काढलं. दोन व्हॉल्व्हच्या हेडमध्ये प्लगला मधली जागा मिळत नाही. तो कडेला बसतो आणि ज्योतीला जवळजवळ पूर्ण व्यास पार करावा लागतो. ९,००० आरपीएमला एका स्ट्रोकला सेकंदाचा तीनशेवा भाग मिळतो, एवढ्यात हे व्हायला हवं. समोरासमोर दोन प्लग बसवले की ज्योतीची वाट निम्मी होते. ठिणगी कधी टाकायची ते डिजिटल सीडीआय ठरवू लागलं. सीसी न वाढवता १५० ची ताकद १२ वरून १३ झाली, १८० चीही वाढली. बजाजच्या पेटंटमध्ये ४५ ते ७० मिमी बोअरच्या इंजिनाचा उल्लेख आहे. त्यावरून २००७ मध्ये टीव्हीएसशी सुरू झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तडजोडीने मिटायला २०१९ उजाडलं. एका जादा प्लगची किंमत काय असते, ते या बारा वर्षांवरून कळावं.

फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धांत उतरणारे अनेक विद्यार्थी संघ चाकणचंच केटीएम ३९० चं इंजिन वापरतात. तिथे नियम उलट्या बाजूने चालतो. इंजिनात जाणारी सगळी हवा २० मिमीच्या एका भोकातून गेली पाहिजे, त्याला रिस्ट्रिक्टर म्हणतात. एकच सिलिंडर असलेलं इंजिन चार स्ट्रोकपैकी एकातच हवा ओढतं, त्यामुळे त्या क्षणी भोक अपुरं पडतं आणि उरलेले तीन स्ट्रोक ते रिकामं बसतं. म्हणून पोरं मध्ये प्लेनम बसवतात, म्हणजे हवेची टाकी. भोकातून हवा सलग येत राहते आणि इंजिन तिथून हवी तेव्हा उचलतं. टाकी मोठी केली तर थ्रॉटलला प्रतिसाद उशिरा मिळतो, छोटी केली तर दम कमी पडतो. कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या रात्री या मापावर खर्ची पडतात.

गो-कार्टच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी पुस्तकात कमी आणि ट्रॅकवर जास्त शिकायला मिळतात. बाइकवर इंजिनाला समोरून वारा लागतो, कार्टमध्ये ते चालकाच्या पाठीमागे किंवा बाजूला दडतं. डक्ट किंवा पंखा दिला नाही तर दहाव्या लॅपला ताकद उतरते आणि कधी इंजिन जाम होतं. दुसरी गोष्ट स्प्रॉकेटची. समजा मागच्या अ‍ॅक्सलवरचं ४० दातांचं स्प्रॉकेट काढून ४४ चं लावलं, तर चाकाला मिळणारी ओढ दहा टक्क्यांनी वाढते. टॉप स्पीड थोडा जातो, पण आखूड ट्रॅकवर तो क्वचितच गाठला जातो. रीबोअरने साडेतीन टक्के दिले होते, तेही इंजिन उघडून. स्प्रॉकेट अर्ध्या तासात बदलतं आणि नाही पटलं तर जुनं परत लावता येतं.

हे सारं ट्रॅकवर. रस्त्यावरच्या गाडीत असे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि ते योग्यच आहे. ब्रेक, टायर आणि चासी ज्या ताकदीच्या हिशेबाने बनतात, ती ताकद परस्पर वाढवली की बाकीचा हिशेब कुणीच करत नाही.

रोटॅक्स मॅक्स या जगभर चालणाऱ्या कार्टिंग मालिकेत १२५ सीसीची टू-स्ट्रोक इंजिनं तीसच्या आसपास अश्वशक्ती देतात आणि ती सील करून ठेवलेली असतात. सील तोडलं तर शर्यत गेली. सगळ्यांचं इंजिन सारखं असताना निकाल ठरतो तो गिअरिंग, टायरमधली हवा, वजनाची मांडणी आणि चालकाचा हात यांवर. इथल्या पोरांनीही इंजिन शेवटी ठेवून या क्रमाने काम करावं: आधी वजन, मग स्प्रॉकेट, मग थंडावा, मग कार्ब्युरेटरचा जेट, आणि एवढं करूनही पुरलं नाही तरच बोअर. सिलिंडरमधून एकदा कापून काढलेला मिलिमीटर परत बसवता येत नाही. या यादीतल्या बाकी सगळ्या गोष्टी चुकल्या तर सुधारता येतात.